पकड सोडायला शिकताना: कोल्हापूर ते रामेश्वर, काइटबोर्डिंगचे अकरा महिने

१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ जिंकलं आणि त्यानंतर आमच्या घरात ऑलिम्पिक बंद झालंच नाही. कुठलाही खेळ असो, टीव्ही चालू. आठवडाभरानं मार्सेलचा समुद्र दिसला. माणसं फळीवर उभी, कमरेला बांधलेल्या दोऱ्या वर आभाळात गेलेल्या आणि त्या टोकाला भलामोठा पतंग. काइटबोर्डिंग ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच आलं होतं. वारा नाही म्हणून शर्यती पुढं ढकलल्या जात होत्या, खेळाडू पाण्यात वाट बघत बसले होते. सिंगापूरच्या सतरा वर्षांच्या मॅक्स मेडरनं ब्राँझ घेतलं. माझं वय तेव्हा ३८. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी गुणवत्ता विभागात काम करते. त्या रात्री झोप आली नाही.

हे सगळं लिहिण्याचं कारण म्हणजे त्यानंतर मी महिनाभर मराठीत माहिती शोधली आणि फारसं काही हाती लागलं नाही. कुठं जायचं, किती पैसे लागतात, पोहता किती यावं लागतं, विमा मिळतो का, बाईमाणूस एकटी गेली तर चालतं का, हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

पहिला प्रश्न कोल्हापुरातल्या प्रत्येकानं विचारला, "रंकाळ्यात का नाही?" मीही तो विचारला होता. कारणं साधी आहेत. या खेळाला जोराच्या वाऱ्याबरोबरच एकसारखा वारा लागतो. घरं, झाडं, डोंगर यांच्यावरून येणारा वारा तुटक असतो, एका क्षणी पडतो आणि दुसऱ्या क्षणी हिसका देतो. त्यात वीसेक मीटरच्या चार दोऱ्या सोडून पतंग उभा करायला मोकळा काठ पाहिजे. रंकाळ्याला भिंत आहे, रस्ता आहे, माणसं आहेत. कळंब्याचंही तेच. म्हणून समुद्र.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी तीन ठिकाणी मेल केले. उत्तरांत दोन अटी सारख्या होत्या: खोल पाण्यात न घाबरता निदान दोनशे मीटर पोहता आलं पाहिजे, आणि डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला पाहिजे. पोहणं मला आबांनी पंचगंगेच्या घाटावर पाठीला डबा बांधून शिकवलं होतं, पण त्याला पंचवीस वर्षं झाली होती. अंबाई तलावात महिन्याची फी भरून पुन्हा सुरुवात केली. पहिल्या दिवशी पन्नास मीटरला धाप लागली, तर दोनशे पार करायला सात आठवडे गेले. दाखल्यासाठी आमच्या डॉक्टरांकडे गेले तर त्यांना खेळाचं नाव तीनदा सांगावं लागलं. शेवटी त्यांना मोबाइलवर दाखवलं, तेव्हा त्यांनी आधी ईसीजी काढायला लावला आणि मगच सही केली. दाखल्यावर तारीख आणि रक्तगट दोन्ही लिहून घ्या. माझ्या दाखल्यावर रक्तगट नव्हता, परत जावं लागलं. पोहण्याची फी आणि दाखला मिळून १,६०० रुपये.

विम्याचं मात्र जपून सांगते, कारण इथं बहुतेक जण बघतच नाहीत. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत न मिळणाऱ्या गोष्टींची प्रमाणित यादी असते. त्यात साहसी खेळांचं एक कलम आहे आणि त्यातला महत्त्वाचा शब्द 'व्यावसायिक' असा आहे. म्हणजे धंदा म्हणून खेळणाऱ्याला झालेल्या इजेचा खर्च मिळत नाही. हौसेनं शिकणाऱ्याचं काय, हे तोंडी विचारलं तर एकानं हो सांगितलं, दुसऱ्यानं नाही. मी लेखी विचारलं. उत्तराला तीन आठवडे लागले, मध्ये दोन आठवणपत्रं पाठवली. आरोग्य विमा लागू राहील असं आलं. पण माझ्या अपघात विम्यात असे खेळ सरसकट वगळलेले निघाले. तुमची पॉलिसी वेगळी असू शकते. लेखी उत्तर घ्या आणि त्याची छापील प्रत सोबत ठेवा.

पहिला प्रयत्न गोव्यात केला, कारण जवळ. एसटीनं आजरा, आंबोली, सावंतवाडी करत म्हापशाला उतरायचं आणि तिथून अश्वेला. तिथं पावसाळा संपल्यावर उन्हाळ्यापर्यंत दुपारी समुद्रावरून वारा येतो. जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा येते. २५ आणि २६ जानेवारी २०२५, दोन्ही दिवस मी वाळूत बसून होते. वारा सात-आठ नॉट. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, म्हणजे साधारण चौदा किलोमीटरचा वारा. एवढ्यात माझ्यासारखीचा पतंग नीट उभाही राहत नाही. ८ फेब्रुवारीला पुन्हा गेले, पुन्हा तेच. शनिवार-रविवारच्या सुटीत मावणारा हा खेळ नाही, हे कळायला दोन फेऱ्यांत ११,५०० रुपये गेले. त्यात २,००० रुपये अनामत होती, ती परत मिळाली नाही. पैसे भरण्यापूर्वी 'वारा नसेल तर काय' हा प्रश्न विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. मला ते सुचलं नव्हतं.

परतीच्या एसटीत मला रडू आलं होतं. शेजारच्या मावशींनी काही न विचारता अर्धा पेरू दिला.

मार्चमध्ये हा खेळ शिकलेल्या एका माणसानं फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, रामेश्वरला जा. तिथं उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा आणि हिवाळ्यात ईशान्येचा वारा असतो, आणि पाणी उथळ आहे. पावसाळ्यात आपल्या कोकण किनाऱ्यावर पाण्यातले खेळ बंद असतात, तेव्हा तिकडं हंगाम भरात असतो. दोन, जाण्याआधी सरावाचा छोटा पतंग घेऊन जमिनीवर हात बसव.

दोन चौरस मीटरचा, दोन दोऱ्यांचा जुना पतंग ६,५०० रुपयांना मिळाला. जोतिबाच्या वाटेवर ओळखीच्यांचा माळ आहे, मालकांना विचारून रविवारी तिथं जायचं. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या बाजूला कुणी जाऊ नका, आणि कुठंही गेलात तरी आधी विजेच्या तारा बघा. पहिल्या रविवारी आबा गाडीवर मागं बसून आले. आबांचं वय ६९. तरुणपणी तालमीत होते, अजून पहाटे उठून शंभर बैठका मारतात. मी पतंग वर चढवला आणि बार, म्हणजे दोऱ्या जोडलेला धरायचा दांडा, त्यांच्या हातात दिला. जोराचा झोत आला. आबांनी बार छातीशी ओढून धरला. पतंग खाली वळला आणि आबा चपलांसकट चार पावलं फरफटत गेले. मी ओरडले, "आबा, सोडा! हात सोडा!" त्यांनी सोडला नाही. पतंग जमिनीवर आपटला तेव्हाच सुटले.

धाप लागली होती, पण डोळे चमकत होते. "जनावर हाय हे," म्हणाले. मग मी त्यांना समजावलं, की पाण्यातल्या मोठ्या पतंगाचा बार ओढला की जोर वाढतो, पुढं ढकलला किंवा सोडला की कमी होतो. म्हणजे भीती वाटली की सोडायचा. ते बराच वेळ गप्प होते. "आमच्यात वस्ताद सांगायचे, पकड सुटली की कुस्ती गेली. तुला उलटं शिकायचं हाय पोरी. सोपं नाही."

आबांचं ते बोलणं मला पुढं कळलं, आणि कुठल्याही सूचनापत्रकापेक्षा ते जास्त खरं निघालं.

आता रजा आणि तिकीट. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस होते. ११ जुलैच्या प्रवासासाठी १२ मेला सकाळी आठ वाजता मोबाइल घेऊन बसले, मिरजेहून राणी चेन्नम्मानं बेंगळुरू. पुढं रामेश्वरपर्यंत रात्रीची बस. अकरा दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज मेमध्येच दिला. कारणाच्या रकान्यात आधी 'वैयक्तिक काम' लिहिलं होतं, मग खोडून 'जलक्रीडा प्रशिक्षण' लिहिलं. साहेबांनी बोलावून विचारलं, पाच मिनिटं व्हिडिओ बघितला आणि सही केली. खरं कारण लिहिल्यामुळं सोपं गेलं असं मला वाटतं, कारण परतल्यावर हाताला पट्टी बांधून कामावर आले असते तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

आईचा प्रश्न वेगळाच होता. "रामेश्वराला चाललीस आणि देवाला न जाता वाऱ्याला?" आपलं करवीर म्हणजे दक्षिण काशी. काशी-रामेश्वराची यात्रा तिनं मनात धरलेली, ती कधी घडली नाही. तिला शब्द दिला की बावीस तीर्थांची स्नानं करीन आणि सेतूची वाळू आणीन.

१३ जुलैला, रविवारी सकाळी, बस पांबनच्या पुलावर चढली. शेजारी एप्रिलमध्येच सुरू झालेला नवा रेल्वेपूल, मधला भाग जहाजांसाठी सरळ वर उचलला जाणारा. पलीकडं १९१४ चा जुना. खिडकी उघडली तर वाऱ्यानं ओढणी तोंडावर बसली. बेंगळुरूपासूनची झोप उडाली. वारा होता.

पहिल्या दिवशी फक्त कागद. पाच पानांचं जोखीम-स्वीकृतीपत्र, सगळं इंग्रजीत. घाई न करता वाचा. माझ्या पत्रात सामान फाटलं तर भरपाई कुणाची, बचावाची बोट बोलावली तर तिचे पैसे वेगळे, ही कलमं होती. अडचणीत कळवायच्या माणसाचा रकाना आला, मी सवयीनं आबांचा नंबर लिहिला. मग लक्षात आलं, तिकडून फोन आला तर हिंदी-इंग्रजीत बोलणार कोण? खोडून दादाचा लिहिला. दहा तासांच्या शिकवणीचे ३२,००० रुपये, पतंग, फळी, हार्नेस (पतंग अडकवायचा कमरेचा पट्टा), हेल्मेट त्यातच. राहायला दिवसाला १,८००. माझ्याखेरीज अजून दोघी एकट्या आलेल्या बायका होत्या, रात्री जेवायला आम्ही एकत्र बसायचो. एकटीनं जायची काळजी तिथंच संपली.

सोमवारी १४ जुलैला वाळूवर सुरुवात. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं. समोर आभाळाचा जो घुमट दिसतो त्याला घड्याळ समजायचं. डोक्यावर बारा, डाव्या हाताला नऊ, उजव्या हाताला तीन. बारावर पतंग शांत असतो, कडेला हलका, आणि समोर मध्यभागी, माणसाच्या उंचीवर आला की सगळा जोर तिथं. पतंगाच्या पुढच्या कडेची नळी हातपंपानं फुगवायची. ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये या हवेच्या नळ्यांचं पेटंट घेतलं होतं. पतंग पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि तिथूनच पुन्हा उठवता येतो, तो याच नळ्यांमुळं. मग चार दोऱ्या वाळूवर पसरून एकेक मोकळी चालून बघायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि तेच सर्वांत जपून करायचं आहे. अदलाबदल झालेल्या दोऱ्यांचा पतंग वर गेला की आवरत नाही. आणि ताणलेल्या दोरीला बोट कधीही लावायचं नाही.

आमचे प्रशिक्षक तिथलेच, कोळ्याच्या घरातले, तमिळ, मोडकी हिंदी. त्यांनी सांगितलं, की इथले लोक पाल्कच्या उपसागराला बाईचा समुद्र म्हणतात आणि मन्नारच्या आखाताला पुरुषाचा. एक शांत, एक खवळलेला. शिकायचं शांत, उथळ पाण्यात. आणि वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहत असेल तर कितीही मोह झाला तरी पाण्यात उतरायचं नाही, परत कोण आणणार?

मंगळवारी फळीविना पाण्यात. नऊ चौरस मीटरचा पतंग, वारा अठरा नॉट, वजन माझं ५८ किलो. पतंग पोटावर ओढत नेतो. एक हात बारवर, दुसरा पाण्यात सुकाणूसारखा ताठ धरून वाऱ्याच्या आडवं, जरा वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला जायचं. फळी हातातून सुटली तर ती अशीच गाठावी लागते. दोन तासांत दंड भरून आले, नाकातोंडात खारं पाणी, आणि मी फार आनंदात होते.

बुधवारी वारा पडला. देवळात गेले. बावीस कुंडांचं पाणी एकामागून एक अंगावर, ओल्या कपड्यांनी दगडी ओवऱ्यांतून चालत. आईसाठी प्रत्येक कुंडाशी नाव घेतलं. समुद्राच्या मिठानं सोललेल्या मानेला ते पाणी कुठं झोंबलं, कुठं गार लागलं. वारा नसलेला दिवस वाया गेला असं त्या दिवशी वाटलं नाही.

गुरुवार, १७ जुलै. फळी पायात. पाण्यात बसायचं, पतंग बारावरून दोनकडं झपकन उतरवायचा, त्या ओढीवर उठून उभं राहायचं. दोनदा पडले. तिसऱ्यांदा हिसका जास्त झाला, पतंग खाली मध्यात आला, आणि मी बार छातीशी धरला. जितका घाबरून धरला तितकी ओढ वाढली. फळी सुटली, तोंड पाण्यात, किती लांब गेले कळलं नाही. प्रशिक्षक मागून ओरडत होते, "सोडो! सोडो!" मला ऐकू येत होतं. हात उघडत नव्हते. माळावर आबांना मी जे ओरडून सांगत होते तेच मला कुणीतरी सांगत होतं, आणि बोटं ऐकत नव्हती.

पाणी कमरेइतकंच असल्यामुळं वाचले. डाव्या बरगडीला मुका मार, गुडघा खरचटला. रात्री खोलीत हात थरथरत होते. दादाला फोन केला नाही. परत जावं असं खरंच वाटलं.

शुक्रवारी मी सांगितलं, फळी नको. प्रशिक्षकांनी काही समजावलं नाही. कमरेइतक्या पाण्यात उभं केलं आणि एक तास फक्त सोडायला लावलं. आधी बार सोडायचा. पतंग कडेला जाऊन शांत होतो. मग कमरेजवळची सुटकेची कळ पुढं ढकलायची. पतंग एकाच दोरीवर लोंबकळत पाण्यावर पडतो, ओढ संपते. मग सगळं पुन्हा जोडायचं. मोजलं नाही, वीसएकदा झालं असेल. डोळे मिटून, डाव्या हातानं, पाण्यात पडलेली असताना. शेवटी शेवटी हात विचार न करता उघडायला लागले. तुमची शाळा हा सराव पहिल्याच दिवशी दोन-तीनदा करून घेईल. तेवढ्यावर थांबू नका, मागून घ्या. एक हिशेब मनात ठेवा, वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. पंधराचा वारा एकवीस झाला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते, आणि डोळ्यांना तो फरक दिसत नाही.

शनिवारी, १९ जुलै, उभी राहिले. दहा मीटर असेल. पायाखाली फळी पाणी कापत असल्याचा आवाज येतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. पतंग डळमळला, हात आपोआप उघडले, मी अलगद पाण्यात बसले. प्रशिक्षकांनी लांबून दोन्ही हात वर केले. रविवारी दोन्ही बाजूंना पन्नास-साठ मीटर गेले. वाऱ्याच्या वरच्या अंगाला मात्र अजून जाता येत नाही, म्हणून दर वेळी फळी काखेत मारून पाण्यातून चालत परत. आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेच्या कार्डावर माझी दुसरी पातळी आहे. एकटीनं पाण्यात उतरायला तिसरी लागते, आणि वरच्या अंगाला जाणं त्यातच येतं.

एकूण खर्च ७६,५०० रुपये. शिकवणी ३२,०००, आठ रात्री १४,४००, प्रवास ६,२००, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा अंगरखा, पाण्यातले बूट आणि गॉगल ४,३००, बाकीचं वर आलंच आहे. बूट विसरू नका, उथळ पाण्यात शिंपले पाय कापतात. केस घट्ट बांधा. चष्मा असेल तर पट्टा लावा. पाळीची तारीख बघून जायचं नियोजन करा, रोज दोन-दोन तास पाण्यात असता. आणि शिकवणी सहा दिवसांची असेल तर आठ दिवसांची रजा काढा, वाऱ्याला दोन दिवस ठेवा.

२३ जुलैला दुपारी मिरजेत उतरले, पाऊस कोसळत होता. आईनं वाळूची पुडी देव्हाऱ्यात ठेवली. आबांनी माझे तळहात बघायला मागितले. बोटांच्या मुळाशी फोड होते, काही फुटलेले. अंगठ्यानं दाबून बघत विचारलं, "सोडलंस का?"

"पहिल्यांदा नाही. मग सोडलं."

"किती दिवस लागलं?"

"पाच."

"लवकर की," म्हणाले, आणि हळद आणायला आत गेले.

ईशान्येच्या हंगामात, जानेवारीत, पुन्हा जायचं आहे. तिकीट नोव्हेंबरात उघडेल. तोवर अंबाई तलाव आणि जोतिबाच्या वाटेवरचा माळ. छोट्या पतंगाच्या दोऱ्या आता आबाच गुंडाळून ठेवतात. मागच्या रविवारी त्यांनी स्वतःहून बार मागितला, झोत आल्यावर हात उघडले, आणि पतंग गवतावर पडला तसे माझ्याकडं वळून बघितलं.